वैयक्तिक सेवा योजना कशी लिहायची: बेळगाव सीमाभागातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

मानसोपचाराच्या फायलीत शेवटी एक ओळ हमखास असते: ‘नियमित औषधे, समुपदेशन, कुटुंबाचा आधार.’ ही ओळ निपाणीच्या विडी कामगार बाईला लावता येते, खानापूरच्या जंगलकाठच्या शेतकऱ्याला लावता येते आणि बेळगावात कॉलेज सोडून घरी बसलेल्या पोरालाही. तिघांनाही तिचा काडीचा उपयोग होत नाही. ती खोडून तिच्या जागी कोण, काय, कुठे, कोणत्या वारी आणि नाही जमलं तर पुढे काय, हे एकाच माणसापुरतं लिहायचं, ही झाली वैयक्तिक सेवा योजना.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा एखाद्या संस्थेत नव्यानं लागलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. घरच्यांनीही वाचायला हरकत नाही. निदान करणं आणि औषध ठरवणं डॉक्टरांचं काम. ते औषध त्या माणसाच्या आठवड्यात, घरात आणि खिशात बसवणं हे योजनेचं काम.

याला कायद्याचा आधारही आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९८ प्रमाणे रुग्णालयातून घरी सोडताना पुढचे उपचार कसे मिळतील याची आखणी मानसोपचारतज्ज्ञानं त्या माणसाशी, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीशी (उपचारांबाबत मदतीला त्यानं स्वतः नेमलेल्या माणसाशी) किंवा घरच्यांशी बोलून करायची असते. कलम २२ प्रमाणे उपचारांची माहिती त्याला समजेल अशा भाषेत द्यायची असते. ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ असं कुणी म्हणालं तर वाद न घालता ही दोन कलमं पुढे ठेवावीत.

सुरुवात गोळ्यांच्या पिशवीपासून

पहिल्या भेटीत प्रश्नावली बाहेर काढू नका. घरातली औषधांची पिशवी मागवा आणि सगळ्या पट्ट्या चटईवर मांडा.

आपल्या भागात एकाच माणसाचे दोन-तीन दवाखाने चालू असतात. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव सुमारे ७५, त्यामुळे आजार उसळला की पाय कोल्हापूरकडे वळतात. अथणीकडचे लोक मिरज गाठतात. खानापूर-बेळगावकडचे धारवाडच्या डिमहान्स या सरकारी मानसोपचार संस्थेत जातात. मधल्या दिवसांत तालुका रुग्णालयातल्या फुकटच्या गोळ्या. आता खाजगी दुकानातल्या पट्टीवर कंपनीनं दिलेलं नाव ठळक असतं आणि सरकारी पट्टीवर नुसतं औषधाचं मूळ नाव, जसं ‘रिस्पेरिडोन’. घरच्यांना त्या दोन वेगळ्या गोळ्या वाटतात, दोन्ही दिल्या जातात. मग अंग आखडतं, लाळ गळते, हात थरथरतात, आणि ‘आजार वाढला’ असं समजून तिसरा दवाखाना शोधला जातो.

म्हणून प्रत्येक पट्टीवरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचा आणि वहीत ओळ घाला: मूळ नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कोणी लिहून दिलं, किती शिल्लक. गोळीचा रंग आणि आकार ओळखीसाठी वापरू नका, पुरवठा बदलला की तो बदलतो. दुप्पट डोस जातोय असं दिसलं तर स्वतःच्या अंदाजानं गोळी बंद करायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारायचं. शिल्लक मोजणंही महत्त्वाचं. २० दिवसांपूर्वी ३० गोळ्या आणल्या आणि आज २२ उरल्या, तर रोजची गोळी रोज जात नाही एवढं कळलं. त्यावर तिथल्या तिथे रागवायचं नाही. का जात नाही हे पुढच्या बैठकीत निघतं: कधी गुंगी येते, कधी भूक फार लागते, कधी सासू म्हणते ‘किती दिवस खाणार गोळ्या’, कधी आणायला पैसे नसतात. चारही कारणांवरचा उपाय वेगळा.

त्याच पिशवीबरोबर बाकीचे कागदही एका फायलीत लावून घ्या: डिस्चार्ज कार्ड, सगळ्या दवाखान्यांचे ओपीडी कागद, रक्ताचे रिपोर्ट, आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक. एखाद्या दवाखान्याचे कागद हरवले असतील तर स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मागायचा अधिकार कलम २५ नं दिलेला आहे, साधा अर्ज करावा.

दुसरी बैठक: काल काय काय केलं

खऱ्या माहितीसाठी दोन बैठका लागतात, प्रत्येकी पाऊण तासाच्या आसपास. त्यातली किमान १५-२० मिनिटं माणसाशी एकट्यानं बोला. घरच्यांसमोर तो घरच्यांचीच उत्तरं देतो. बाईमाणूस असेल आणि कार्यकर्ता पुरुष असेल तर आशाताईंना सोबत घ्या, पण त्या त्याच गल्लीतल्या असतील तर आधी त्या बाईला विचारून.

भाषा पहिल्याच मिनिटाला विचारून घ्या. घरात मराठी, सरकारी कागद कन्नड आणि डॉक्टरांचं अक्षर इंग्रजी, हे आपल्याकडचं रोजचंच. दुभाषा लागला तर घरातल्या शाळकरी मुलाला तिथे बसवू नका. आईच्या मनात मरणाचे विचार येतात का, हा प्रश्न लेकानं भाषांतर करून विचारायचा नसतो.

‘दिवस कसा जातो?’ असं विचारलं की ‘बरा जातो’ असं उत्तर येतं. त्याऐवजी काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय केलं ते तासातासानं विचारा आणि माणसासमोरच कागदावर उतरवा. किती वाजता जाग आली, पाणी कोणी भरलं, चहा कुणाबरोबर घेतला, दुपारी किती वेळ पडून होता, घराबाहेर पाऊल पडलं का, गोळी किती वाजता. या एका पानावर इतर कोणत्याही फॉर्मपेक्षा जास्त दिसतं. दुपारी १२ पर्यंत झोपणाऱ्या माणसाला सकाळी १० च्या ओपीडीची तारीख देऊन ‘पेशंट येत नाही’ अशी नोंद करणं किती निरर्थक आहे, हे इथेच कळून येतं.

नंतर राहिलेल्या गोष्टी विचारा: खाणं, अंघोळ, पैसे कोणाच्या हातात, कर्ज, दारू-तंबाखू, घरात मारहाण, मुलांची शाळा, जवळचं कोण, देवधर्म, इतर आजार. गरजा तपासण्याच्या केंबरवेल पद्धतीत असे २२ विषय आहेत. पाठ करायची गरज नाही, पण यादी जवळ असली की दात, डोळे, लैंगिक अडचणी असे विषय सुटत नाहीत. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ (गुण ० ते २७) किंवा रोजच्या कामातल्या अडचणींसाठी जागतिक आरोग्य संघटनेची १२ प्रश्नांची प्रश्नावली वापरता येते. गुण लिहून ठेवा, तीन महिन्यांनी तुलनेला उपयोगी पडतात. नवे लोक इथे फसतात: गुण आले की योजना झाली असं त्यांना वाटतं.

काय येतं, काय जमतं हेही तितक्याच जागेत लिहा. ‘भजनी मंडळात टाळ वाजवायचा’, ‘म्हैस अजूनही तोच पिळतो’, ‘मोबाईल दुरुस्तीचं थोडं शिकलेला’. उभारणी या ओळींवरच करायची आहे.

ध्येय त्याच्याच तोंडचं

पानाच्या वर माणसाचं वाक्य जसंच्या तसं लिहा, बोलीसकट. ‘मला परत कारखान्यावर जायचं हाय’ हे ध्येय झालं. ‘रुग्णाचे सामाजिक पुनर्वसन’ हे झालं नाही. ‘आजाराची जाण वाढवणे’ हे तर दवाखान्याचं ध्येय आहे, ते त्याच्या डोक्यावर कशाला? माणूस म्हणाला ‘मला गोळ्या बंद करायच्यात’, तर तेही लिहा आणि त्याखाली पुढची पायरी: ‘डॉक्टरांना पुढच्या भेटीत विचारणे: कमी करता येईल का, कधी, कशी.’ ते वाक्य गाळलं तर तो गोळ्या मोरीत टाकेल आणि तुम्हाला कळणारही नाही.

एका वेळी दोन, फार तर तीन ध्येयं. सात-आठ लिहिलेली योजना फाइलमध्येच राहते.

एक नमुना घेऊ, तो मुद्दाम रचलेला आहे. निपाणीजवळच्या गावातली ३४ वर्षांची विडी कामगार बाई, स्किझोफ्रेनियाचं निदान, महिन्यापूर्वी रुग्णालयातून घरी. तिचं वाक्य: ‘मला पयल्यासारख्या दिवसाला हजार विड्या वळायच्या हायत.’ ऐकणाऱ्याला हे उत्पन्नाचं ध्येय वाटतं, पण त्यात बरंच काही दडलेलं आहे. तेंदूची पानं भिजवायची, मापानं कातरायची, तंबाखू सारखी पसरायची, वळायची, टोक मुडपायचं, दोरा बांधायचा. सगळी कारागिरी बोटांच्या टोकात. मजुरी हजारी, आणि वाकडी-सैल विडी छाट म्हणून बाजूला पडते, तिचे पैसे नाहीत. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल यांसारख्या औषधांनी हात आखडतात किंवा थरथरतात, तेव्हा पहिला फटका दोरा बांधण्याला बसतो. बाई डॉक्टरांना ‘हात थरथरतात’ असं सांगतही नाही, ती सांगते ‘आता काम व्हईना’, आणि घरचे म्हणतात ‘आळशी झाली’. योजनेत म्हणून पहिली ओळ डॉक्टरांसाठी: ‘बोटांचा ताठरपणा तपासावा, काम दोरा बांधण्याचं आहे.’ डोस कमी करणं, औषध बदलणं की ताठरपणा कमी करणारं ट्रायहेक्सीफेनिडिल देणं, ते डॉक्टर ठरवतील. पण हे काम त्यांना कुणी सांगितलंच नाही तर ते विचारात कसं घेणार?

मग पायऱ्या. पहिले दोन आठवडे रोज २०० विड्या, जेवणाआधी, सोबत जाऊबाई. छाट किती निघाली ते रोज वहीत. छाट कमी होत गेली की ४००. हजाराचा आकडा तीन महिन्यांनंतर बघायचा. दिवसभर एकाच जागी बसून काम केल्यानं आवाज जास्त ऐकू येतात असं ती म्हणाली, तर दर तासाला उठून पाणी पिणं आणि रेडिओ लावणं हे त्याच ओळीत. मुकादमाला आजाराचं नाव सांगायचं की नाही हे तिनं ठरवायचं. ‘तब्येतीमुळं थोडं कमी काम’ एवढं सांगून भागत असेल तर तेवढंच.

प्रत्येक ओळीत पाच गोष्टी

काय, कोण, किती वेळा, कुठे, कधीपर्यंत. यातली एक जरी राहिली तरी ती ओळ कुणाचीच नसते. ‘कुटुंबाने लक्ष ठेवावे’ यापेक्षा ‘थोरला दीर दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी तालुका रुग्णालयात सोबत जाईल, त्याला रजा नसेल तर आशाताई’ हे बरं. कर्नाटकात मनोचैतन्य कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात. आपल्या तालुक्यातला नेमका मंगळवार आणि वेळ रुग्णालयात विचारून योजनेत तारखेसह लिहा, कारण सणाच्या आठवड्यात तो हुकतो. दिवसभर बसायला, काम शिकायला जागा हवी असेल तर जिल्ह्यातलं मानसाधार केंद्र चालू आहे का, तिथे प्रवेश कसा, याची चौकशी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या कार्यालयात करावी. तालुक्याला मानसिक आरोग्य सेवा पोचवण्याची ही कल्पना तशी कर्नाटकातलीच: १९८० च्या दशकात बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं बळ्ळारी जिल्ह्यात ती आजमावली आणि पुढे देशाचा जिल्हा कार्यक्रम त्यावर उभा राहिला.

प्रवास आणि पैसा यांची ओळ वेगळी घाला. महिलांना शक्ती योजनेत राज्य परिवहनच्या साध्या बसमधून कर्नाटकातल्या कर्नाटकात फुकट जाता येतं (जून २०२३ पासून), कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ हवं. आंतरराज्य प्रवासाला ते लागू नाही. म्हणजे निपाणीच्या बाईला लांबचं बेळगाव फुकट आणि जवळचं कोल्हापूर पैसे देऊन. कुठल्या दवाखान्यात जायचं हे ठरवताना हा हिशोब घरच्यांसमोर मांडा. सोबत येणाऱ्या पुरुषाचं तिकीट आणि बुडालेली मजुरीही त्यात धरा. आमचं मत असं की साध्या फॉलोअपसाठी तालुका रुग्णालय आणि वर्षातून एक-दोनदा मोठा दवाखाना, ही वाटणी टिकते. दर महिन्याला कोल्हापूर किंवा धारवाड ठरवलं की चौथ्या महिन्यात खंड पडतो. आयुष्मान कार्डाचा फायदा मुख्यतः भरती झाल्यावर मिळतो, महिन्याच्या गोळ्या त्यातून निघत नाहीत. त्यासाठी सरकारी पुरवठाच धरून चाला.

औषधांचं पान

डोस तुम्ही ठरवायचा नाही, पण चार गोष्टी योजनेत असल्याच पाहिजेत.

लिथियम (बायपोलर आजारातलं औषध) चालू असेल तर रक्तातली पातळी तपासायच्या तारखा. रक्त शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी द्यायचं, म्हणून सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर. थायरॉइड आणि किडनीची तपासणी दर सहा महिन्यांनी. उन्हाळ्यात उसाच्या फडात दिवसभर घाम गाळला, किंवा यात्रेत जुलाब-उलट्या झाल्या, की अंगातलं पाणी-मीठ घटतं आणि लिथियमची पातळी चढते: हात जास्त थरथरणं, तोल जाणं, बोबडं बोलणं, उलट्या. हे दिसलं की पुढची गोळी न देता थेट रुग्णालय. अंगदुखीवर दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनही तीच पातळी वाढवते. फडावर काम करणाऱ्याच्या योजनेत ही ओळ लाल शाईनं लिहा.

क्लोझापिन (इतर औषधांनी न हटणाऱ्या स्किझोफ्रेनियातलं औषध) असेल तर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशींची तपासणी. ताप किंवा घसा दुखला तर लगेच. शौचाला किती दिवसांत होते हेही दर भेटीत विचारा, या औषधाची बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते.

विडी ओढणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार कमी ठिकाणी सांगितली जाते. विडी-सिगारेटच्या धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन शरीरात लवकर विरतं. हा परिणाम धुराचा, निकोटिनचा नव्हे, त्यामुळे नुसता तंबाखू खाणाऱ्याला लागू नाही. रुग्णालयात भरती असताना विडी बंद, डोस त्यावर बेतलेला. घरी आल्यावर पुन्हा दोन कट्टे सुरू, आणि तोच डोस अपुरा पडतो. उलट घरी कुणी हट्टानं विडी एकदम सोडवली तर औषध चढतं आणि माणूस गुंगीत पडतो. विडी सुटली तर आनंदच आहे, पण डॉक्टरांना आधी कळवून. दारूचंही तसंच: रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी सोडली तर दोन-तीन दिवसांत फिट किंवा भ्रम होऊ शकतो, ती सोडायची योजना दवाखान्यातूनच.

चौथी गोष्ट वजन आणि साखर. ओलान्झापिनसारख्या औषधांत सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा तरी. इंजेक्शनवर असलेल्यांची पुढची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

बिनसायला लागलं तर

हे पान वेगळ्या कागदावर, मोठ्या अक्षरात. माणूस बरा असताना त्याच्याबरोबर बसून लिहायचं. पहिली खूण काय असते? प्रत्येकाची वेगळी: एखादा रात्री अंगणात फेऱ्या मारतो, एखादी जेवण हुंगून ठेवून देते, कुणाला फोनवर कुणी ऐकतंय असं वाटतं. ‘लक्षणे वाढल्यास’ असं लिहून काही कळत नाही. ‘सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप’ असं लिहिलं की वहिनीलाही कळतं.

झोपेवर इथे मुद्दाम जोर द्या. चिक्कोडी, रायबाग, अथणी भागात मोटारीला थ्री फेज वीज अनेकदा रात्रीच मिळते आणि उसाला पाणी द्यायला माणूस रात्रभर शेतात. बायपोलर आजारात (कधी उन्माद, कधी नैराश्य) झोप तुटणं म्हणजे उन्मादाला आमंत्रण. रात्रीची पाळी भावाकडे किंवा गड्याकडे द्यायची, हे योजनेत नावासह येऊ द्या. दिवाळीपासून पुढचा गाळप हंगाम आणि यात्रांचे आठवडे आधीच हेरून ठेवा. सौंदत्तीला यल्लम्माच्या पौर्णिमेला जायचं असेल तर जाऊ द्या, पाच दिवसांच्या जादा गोळ्या आणि गोळी देणारा माणूस ठरवून. देवर्षीकडे किंवा दर्ग्यावर नेण्यावरून घरच्यांशी भांडण काढलंत तर पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणार नाहीत. दोनच अटी घाला: गोळी चुकणार नाही आणि बांधणं-मारणं होणार नाही. साखळीनं बांधायला कायद्यानंच मनाई आहे.

मग पायऱ्या: आधी कोणाला फोन, तो न लागल्यास कोणाला, कोणत्या दवाखान्यात, गाडी कुणाची, सोबत कोण, मुलं आणि जनावरं कोण बघेल. मुलांची ओळ हमखास विसरली जाते आणि त्यामुळेच बाया भरती व्हायला नकार देतात. खाली नंबर: टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ (दिवसरात्र, मोफत), रुग्णवाहिका १०८, तातडीला ११२.

मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारा. विचारल्यानं ते वाढत नाहीत. येत असतील तर कीटकनाशक, तणनाशक आणि जादा गोळ्या त्याच दिवशी घराबाहेर, भावकीतल्या एका नावाच्या माणसाच्या कुलपात, आणि गोळ्या आठवड्याच्या हिशोबानंच घरात. रात्री सोबत कोण झोपेल तेही लिहा.

सही, भाषा, प्रती

नामनिर्देशित प्रतिनिधी कोण हे माणसानं बरा असताना ठरवावं. कलम १४ प्रमाणे साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो. नवऱ्याचंच नाव टाकायला हवं असं नाही, बहीण किंवा मैत्रीणही चालते. पुढे आजारपणात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे आगाऊ लिहून ठेवायचा अधिकार कलम ५ देतं. फक्त आणीबाणीच्या उपचारांना ते लागू होत नाही, हेही सांगा. इच्छेविरुद्ध भरती करायची वेळ आली तर कलम ८९ खालची मुदत ३० दिवसांपर्यंत, आणीबाणीचे उपचार ७२ तासांपर्यंत. घरच्यांना ही मुदत माहीत असली की ‘कायमचं ठेवून घ्या’ ही मागणी होत नाही. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००.

तीन प्रती. माणसाची मराठीत. आरोग्य केंद्राची कन्नडमध्ये, नाहीतर बदलून आलेला अधिकारी ती वाचणार नाही. तिसरी प्रतिनिधीकडे. घरात भिंतीला लावायच्या कागदावर निदानाचं नाव अजिबात नको, फक्त गोळीची वेळ, तारखा आणि फोन. आणि योजनेचा फोटो आशाताईंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. गोपनीयता हा त्या माणसाचा कलम २३ खालचा हक्क आहे, आणि लग्नाचं जमवताना गावात अशा फोटोची काय किंमत मोजावी लागते हे सांगायला नको.

दाखला आणि पेन्शन

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजार धरलेला आहे. दाखल्यासाठी स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम या चार बाबी गुणांकनात बघतात, आजार किती काळाचा आहे हेही बघतात. म्हणून जुने ओपीडी कागद जपायचे. बहुतेक लाभ ४० टक्के दिव्यांगत्वापासून सुरू होतात. तपासणीच्या दिवशी माणसाला नवे कपडे घालून, ‘नीट बोल’ म्हणून पढवून नेलं की टक्के कमी पडतात. रोज जसा असतो तसाच न्या आणि अंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, एकट्यानं बाजार करतो का, हे घरच्यांनी खरं सांगावं. पेन्शनचा अर्ज नाडकचेरीत. कागदपत्रांत पंचायतीचा ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता मदत करतो. पैसे त्या माणसाच्याच खात्यात यायला हवेत. टक्के मिळवणं हे ध्येय नव्हे, नाहीतर काम करायला लागला तर पेन्शन जाईल या भीतीनं घरचेच त्याला बसवून ठेवतात. आधी नियम विचारून घ्या, मग सल्ला द्या.

पुन्हा कधी बसायचं

दोन आठवड्यांनी फोन, महिन्यानं घरभेट, तीन महिन्यांनी पूर्ण फेरआढावा. भरती झाली, औषध बदललं, घरात मयत किंवा लग्न झालं, कामाचा हंगाम बदलला, तर तारखेची वाट न बघता. प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक शब्द: झालं, अर्धवट, नाही. ‘नाही’ असेल तर कारण त्या माणसाच्या दोषात शोधण्याआधी ओळीत शोधा. पायरी फार मोठी होती का, नेमलेला माणूस गावाला गेला होता का, औषध संपलं होतं का, की हे ध्येय मुळात त्याच्या आईचं होतं?

तुमची बदली झाली तर फाइल टेबलावर ठेवून निघू नका. निघण्याआधी नव्या कार्यकर्त्याला घेऊन एक घरभेट करा, त्याचा नंबर तिन्ही प्रतींवर हातानं लिहा, जुना खोडा. औषधांची ओळ डॉक्टरांच्या ताज्या कागदाशी ताडून बघा, पुढच्या महिन्याच्या मंगळवारची तारीख घरच्यांकडून वदवून घ्या, आणि रक्ततपासणी बाकी असेल तर ती कुणाच्या वहीत गेली एवढं बघूनच बाहेर पडा.